विसावं नख

देहरादून, ४ नोव्हेंबर २०२४

ति. बाबांस,

शि. सा. न. यापुढे अजून दोन-तीन अक्षरं असतात. ती आठवीत शिकवणार होते आणि मी सातवीतच शाळेला टाटा केलेला. तेव्हा आहे तेवढ्यात नमस्कार मानून घ्या.

तुम्ही माझा फोन घेत नाही. तुमच्या लाडक्या लेकीच्या, समिधाच्या, फोनवर केला तर माझा आवाज ऐकला की तो आईच्या हातात देता, आणि आई "जेवलास का" विचारून ठेवून देते. समिधा बोलली, तुमचं म्हणणं असं की "फोनवरचा मानूस कुठनबी बोलंल. कागदावर शिक्का असतं." मान्य. मागे मी पुण्यात कामाला लागलो म्हणून तुम्हाला फोनवर सांगत होतो आणि माझ्या पाठी रिक्षावाला "शीळफाटा, शीळफाटा, एक सीट" असा बोंबलत होता, आपल्याच ठाण्याचा. तर हा घ्या कागद. शिक्का बघा. देहरादून. बाळकुमवर बोट ठेवायचं आणि वर सरकवत न्यायचं, नकाशा संपत आला की थांबायचं. तिथे मी आहे. दहा महिने एकाच ठिकाणी. उभे असाल तर खाली बसा.

पत्रात बापाला तुम्ही लिहितात म्हणून लिहिलं. हात अवघडला. आता तू लिहितो.

बाबा, निवटा लंगडतोय ना? समिधा बोलली, आठ दिवस झाले, तू हळद लावतोस आणि काटा गेला असणार बोलतोस. काटा नाही. मागचा डावा पाय आहे ना? मला न विचारता कळलं. पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर, ते एकटं नख लोंबतं ते बघ. ज्याच्यावर तुझा एवढा जीव आहे तेच. ते गोल फिरून परत कातडीकडे चाललंय का? चाललं असेल तर निवटा त्याच्यामुळेच लंगडतोय.

हे मला कसं ठाऊक? मी इथे कुत्र्यांच्या हॉस्टेलवर मॅनेजर आहे. समिधा, वाचताना हसू नकोस. लोक बाहेरगावी जाताना कुत्रे इथे ठेवून जातात. डोंगराच्या पायथ्याशी मोठं कंपाउंड आहे, मालकीण मॅडम आहेत, आणि कुत्र्यांना इथे आपल्यापेक्षा वेळेवर जेवण मिळतं. मॅडम त्या नखाला इंग्लिशमध्ये ड्यू क्लॉ बोलतात. ड्यू म्हणजे दव. बाकीची नखं जमिनीला टेकतात, हे वर राहतं, फक्त गवतावरच्या दवाला लागतं, म्हणून दवाचं नख. मॅडमना मी बोललो, आमच्याकडे ह्याला नावबिव नाही, पण मान लय आहे. साध्या कुत्र्याला नखं अठरा. पुढे पाच-पाच, मागे चार-चार. ज्याच्या मागच्या दोन्ही पायांना एकेक जास्त, तो विसनखी. विसनखी घर राखतो, वाघाला भिडतो, त्याच्या वाटेला भूत जात नाही. आणि आमचे बाबा नामा कोळी, त्यांच्या दारात असा एक आहे, निवटा. अख्खं बाळकुम ओळखतं. मॅडम बोलल्या, "वाघ है वहाँ?" मी बोललो, पहले था, अब टॉवर है.

पण बाबा, मुद्दा असा की जे टेकत नाही ते झिजत नाही. बाकीची नखं रस्त्यावर घासून आपोआप बरोबर राहतात. हे वाढतच जातं, गळासारखं वळतं आणि स्वतःच्याच पायात घुसतं. ते महिन्या दीड महिन्याने थोडं थोडं कापायला लागतं. तू कधी कापलं नाहीस. मला कापू दिलं नाहीस. तर आता डॉक्टरकडे ने.

जानेवारीतलं प्रकरण मी विसरलेलो नाही. तू टॉवरच्या सेक्रेटरीकडे शब्द टाकून मला गेटवर लावलंस, आणि चौथ्या दिवशी मी त्याचा पांढरा झुपकेदार कुत्रा फिरवतो म्हणून घेतला आणि निवट्याबरोबर खाडीत नेला. आणला तेव्हा तो कुठल्या रंगाचा होता ते लिहायची गरज नाही. बागेतल्या नळावर तुला त्याला धुवावं लागलं, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या असताना. त्यावर मी काहीतरी लिहिणार होतो. पण आत्ता विषय निवट्याच्या पायाचा चाललाय.

तुझा,
केतन


देहरादून, १५ नोव्हेंबर २०२४

बाबा,

तुझं उत्तर समिधाने जसंच्या तसं पाठवलं. पत्र ऐकताना जाळं शिवत होतास, सुईवरून मान वर केली नाहीस, आणि शेवटी बोललास, "त्याला सांग, पयला एका जाग्यावर टिक, मंग दुसऱ्याचं पाय बघ."

बरं. पण ऐकलंस हे खरं. कारण तिसऱ्या दिवशी तू निवट्याला टॉवरच्या खालच्या गाळ्यातल्या नवीन डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेलास. सोबतीला कोपरीवरून गुणाजी काकांना बोलावलंस, कारण रिक्षात निवट्याचं तोंड धरायला माणूस पाहिजे. तिथपर्यंत सगळं भारी. मग आत काय झालं देव जाणे. समिधाचं म्हणणं, पाच मिनिटांत तू निवट्याला काखेत मारून बाहेर आलास, चिठ्ठी नाही, औषध नाही, आणि गुणाजी काका बाकड्यावर नंबरचा बिल्ला हातात धरून तसेच बसलेले. घरी येऊन बोललास, "माझ्या विसनखीचा नख काढाया निंगाली. कालची पोर!"

अरे बाबा. नख काढणं म्हणजे कापणं! रविवारी आई गरम पाण्यात पाय टाकून बसते आणि समिधाला बोलते, "माझी नखं काढ गो." तेव्हा समिधा काय बोटं उपटून हातात देते? डॉक्टरीणबाई रसिका मॅडम शिकलेल्या आहेत, त्या शुद्ध बोलतात. शुद्ध मराठीत नख काढतात, आई पण काढते, मी कापतो, आणि इथे हिंदीत काटतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात मॅडम बोलल्या, "केतन, इसके नाखून काट दो," मी तयार होतो, पण तो कुत्राच मला काटायला आला. शब्दाला शब्द भिडला की माणसाचा लोच्या होतो. पण तू नुसत्या एका शब्दावरून उठून येशील? तू जाळं काढतोस, होडी काढतोस, माझी खोड काढतोस. "काढ" ह्या शब्दाला तू कधीपासून घाबरायला लागलास?

इथल्या मॅडमना विचारलं तर बोलल्या, कधी कधी मागचं ते नख पूर्ण काढून टाकतात, हेही खरं. कारण पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख हाडाला धरून असतं, धावताना वळताना कुत्रा ते टेकवतो. त्याला उगाच हात लावायचा नसतो. मागचं बऱ्याच वेळा नुसतं कातडीला लोंबतं. आपल्याकडे तर ते होडीतल्या जाळ्यात अडकायचं. आठवतं? एकदा निवटा आणि अर्धं जाळं मिळून पाण्यात गेलेले. पण काढून टाकायचं की नुसतं कापायचं ते डॉक्टर पाय बघून सांगतो. दाखवायच्या आधीच पळून आलास तर काय सांगणार ती?

आता तुझ्या विसनखीबद्दल एक खबर. परवा इथे मेंढपाळांकडचा एक भोटिया कुत्रा आला. वासराएवढा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, बिबट्याने धरू नये म्हणून. मी त्याचे मागचे पाय बघितले तर दोन-दोन नखं जास्तीची. एका पायाला दोन, दुसऱ्या पायाला दोन. मोज तू. बावीस! ह्या मुलखात असे असतात बोलले. मी मनातल्या मनात तुझ्या वतीने हात जोडले. तेवढ्यात किचनमध्ये मिक्सर लागला. बावीसनखी माझ्या मांडीवर. उतरायला तयार नव्हता, तसंच बसून मी त्याची चार नखं कापली. एकही नख पडल्याने त्याची शान गेली नाही. होती तेवढीच राहिली.

हो, आणि मॅनेजर म्हणजे तसा मॅनेजर नाही. नखं, कान आणि शी, एवढी तीन खाती माझ्याकडे आहेत. पण नखांच्या खात्यात माझ्यावर कोणी नाही.

केतन


देहरादून, २३ नोव्हेंबर २०२४, स्पीड पोस्टने

बाबा,

समिधाने फोटो पाठवला. मी तो मॅडमना दाखवला, मॅडमनी इथल्या नेगी डॉक्टरांना दाखवला. नेगी डॉक्टर जास्त बोलत नाहीत. त्यांनी फोटो मोठा केला आणि बोलले, "अंदर जा चुका है." नख आत गेलंय बाबा. वळून परत मांसात. आजूबाजूला सूज आहे ती काट्याची नाही, पू आहे. समिधा बोलली वास पण येतो. तुला येत नाही का? का येतो आणि सांगत नाहीस?

निवटा होडीत उडी मारत नाही असं कळलं. चिखलात टणाटण उड्या मारायचा म्हणून आपण त्याला निवटा बोललो, खाडीतल्या त्या उड्या मारणाऱ्या माशाच्या नावाने, आणि तो आता काठावर उभा राहून होडीकडे बघतो. तू उचलून ठेवलास तर ओरडला. म्हणून चार दिवस तूच होडी काढली नाहीस. त्याच्याशिवाय जात नाहीस, आणि कोणी विचारलं तर भरतीचं कारण सांगतोस. बाबा, भरतीला मी ओळखतो. ती चार दिवस एका जागी थांबत नाही. माझ्यासारखीच आहे.

गुणाजी काका रोज येतात हे पण कळलं. पायाला काळा दोरा बांधला, मीठ-मिरच्या ओवाळल्या. नजर लागली बोलतात, विसनखी बघायला एवढी माणसं येतात म्हणून. नजरेचं मला ठाऊक नाही. पण काकांना सांग, तो दोरा आजच्या आज सोड. पाय सुजलाय, दोरा रुतेल, एकाचे दोन होतील.

आता नीट ऐक. कोळंबी सोलताना पाठीत काळा दोरा असतो ना, आई नखाने ओढून काढते तो? कुत्र्याच्या नखात तसाच एक दोरा असतो, गुलाबी. रक्ताचा. पांढऱ्या नखात दिसतो, काळ्यात दिसत नाही. नख कापायचं ते त्या दोऱ्याच्या पुढचं. टोक टोक. दोऱ्याला लागलं की रक्त, आणि कुत्रा परत आयुष्यात पाय देत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मार्चमध्ये मी एका लॅब्रेडोरचं काळं नख एका फटक्यात कापलं, खात्यात नवीन होतो, हुशारी करायला गेलो. रक्ताचे थेंब टाकत तो अख्ख्या ऑफिसमधून धावला आणि मॅडमच्या पांढऱ्या सोफ्यावर जाऊन बसला. मी कॉर्नफ्लॉवर दाबून रक्त थांबवलं. नंतर बॅग भरली. मला वाटलं नेहमीसारखं, जायची वेळ झाली. मॅडम दारात उभ्या. बोलल्या, "सोफा धो, फिर जाना." सोफा धुवायला दोन दिवस लागले. तेवढ्यात जायचं राहून गेलं.

हे आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

पण निवट्याचं घरी कापायची वेळ गेलेली आहे. तुझा हात चांगला आहे मला ठाऊक आहे, जाळ्याचा एक धागा तू दुसऱ्याला धक्का न लावता कापतोस. तरी हात लावू नकोस, ओढू तर नकोसच. आत किती गेलंय ते वरून कळत नाही. डॉक्टर आधी दुखू नये म्हणून इंजेक्शन देईल, कापेल, आतलं टोक काढेल, धुवेल, गोळ्या देईल. नाही नेलंस तर पू वर चढतो. नेगी डॉक्टरांनी बोटाने दाखवलं कुठपर्यंत चढतो. त्यांनी बोट गुडघ्याच्या वर नेलं.

समिधा बोलली, तू माझी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून शिक्के बघत होतास. दोन्ही एकाच पोस्टातले आहेत. हे तिसरं पण तिथलंच असेल. आता तरी जा.

केतन


देहरादून, २६ नोव्हेंबर २०२४

समिधा,

हे पत्र गुणाजी काका घरात असतील तर वाचायचं नाही. हे वाक्य पण मोठ्याने वाचायचं नाही. आधी बाहेर जाऊन बघ, काका गेले का. मग पान उलट.


बाबा,

तू रसिका मॅडमकडे परत गेला नाहीस. समिधाला बोललास, "नख कापला तं यकोनीसनखी व्हईल. विसनखीचा यकोनीसनखी करून दारात बांधू? लोक हसतील."

म्हणजे मला आता लिहायलाच लागणार. आठ वर्षं नाही बोललो.

निवटा विसनखी नाही. कधीच नव्हता.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आठवतं, गुणाजी काकांचा वाघासारखा पिवळा कुत्रा होता, विसनखी म्हणून त्यांनी सगळ्या खाडीत डंका पिटलेला. मी घरात पिल्लू आणतो बोललो की तू एकच बोलायचास, "आनायचा तं विसनखी आन. नायतर दारात नको." मग मी शीळफाट्याला उसाच्या गाडीखाली हे पिल्लू बघितलं. चिपाडांत बसून पोटभर ऊस चावत होतं. मागच्या डाव्या पायाला ते नख लोंबत होतं. मी उजवा बघितलाच नाही, शर्टात घातलं आणि टेम्पोत चढलो. मुंब्र्याला मोजलं. एकोणीस. कळव्याला मोजलं. एकोणीस. कापूरबावडीला उतरून रस्त्याच्या कडेला दिव्याखाली उताणं पाडून मोजलं, त्याने माझ्या हातावर मुतलं, तरी एकोणीस.

दारात तू उभा होतास. विचारलंस, "किती?"

मी बोललो, "वीस."

त्यानंतर कोणी बघायला आलं की मी निवट्याला असा धरायचो की डावा पाय पुढे. एक नख बघितलं की दुसऱ्या पायाला पण असणारच, असं माणूस धरून चालतो. मोजायचे कष्ट कोण घेतंय. गुणाजी काकांनी पण घेतले नाहीत. आणि तू एवढा खूष होतास की मोजायला तुला कारणच नव्हतं.

तेव्हा बाबा, तू जे विसावं नख वाचवतोयस ते नाहीच आहे. आहे ते एकोणिसावं. त्याने आजपर्यंत वाघ सोड, टॉवरचं मांजर पळवलं नाही. सेक्रेटरीच्या कुत्र्याला खाडीत खेचून नेलं ते पण त्याने नाही, मी. आणि ते नख आता त्याचाच पाय खातंय. कापलं तर काही जात नाही. डॉक्टरीणबाई बोलली की पूर्ण काढू, तर अठरा राहतील. अठरा नखांवर आपल्या खाडीतले सगळे कुत्रे सुखाने जगतात. पण थांबलास तर पाय जाईल, आणि तो गेला तर माझ्यामुळे. मी त्या दिवशी खरं बोललो असतो तर तू निवट्याला ठेवलं नसतंस हे एक, पण ठेवलं असतंस तर ते नख आई भाजीच्या देठासारखं दर महिन्याला कापत आली असती.

शिव्या सगळ्या माझ्या नावावर. निवट्याला रिक्षात घाल.

केतन


देहरादून, ९ डिसेंबर २०२४

बाबा,

पाकीट पोचलं.

त्याआधी समिधाकडून सगळं कळलंच होतं, पण फोनवर ती हसत इतकी होती की अर्धं कळलं आणि अर्ध्याचे परत मेसेज टाकायला लावले. तिने पहिलं पान मनात वाचलं. बाहेर जाऊन बघितलं. काका नव्हते. ती आत आली, दुसरं पान उलटलं आणि वाचायला लागली. काका मागच्या दाराने आले, कारण आईने त्यांना मागच्या अंगणात सुकट निवडायला बसवलेलं. त्यांनी "निवटा विसनखी नाही" पासून मुंब्रा, कळवा, कापूरबावडी सगळे स्टॉप ऐकले.

मग बोलले, "म्हंजे, यकोनीस?"

आणि तू बोललास, "मना ठाव हाय. आठ वरसं न्हाऊ घालतंय त्याला मी."

बाबा! तुला ठाऊक होतं!

म्हणजे त्या दिवशी रसिका मॅडमनी डावा पाय बघितला, मग उजवा उचलला, आणि बोलल्या असणार, "आजोबा, ह्या पायाला तर नाहीच की." आणि दार उघडं, आणि दाराबाहेर बाकड्यावर गुणाजी काका. म्हणून काकांच्या कानावर जायच्या आत तू निवट्याला काखेत मारून पळालास. त्या "काढ" शब्दाचा त्यात काही संबंध नव्हता. मी त्या शब्दावर अर्धं पत्र घालवलं. आईच्या नखांपर्यंत गेलो. तू जाळं शिवत शांतपणे ऐकून घेतलंस आणि मान वर केली नाहीस. आता कळलं का नाही केलीस.

समिधा बोलली, मग निवटा लंगडत आला आणि सुकट खाऊन गेला, त्याला कोणी हाड् बोललं नाही. शेवटी गुणाजी काका सुकटीकडे बघत बोलले, "माझ्याची तरी कोनी मोजली व्हती?"

ह्याच्यावर आई पहिली हसली. मग समिधा. तू हसलास की नाही ह्यावर दोघींचं एकमत नाही. समिधाचं म्हणणं, तू खोकलास.

आणि उठलास. बोललास, "गुणाजी, तोंड धर." दोघं गेलात. ह्यावेळी दार उघडंच होतं आणि कोणाला काही वाटलं नाही. नख कापलं, आत गेलेलं टोक काढलं, धुतलं, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. चार दिवस उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं असं रसिका मॅडम बोलल्या. पाय राहिला. पूर्ण नख काढायचं का ते सूज उतरल्यावर बघू बोलल्या. गळ्याभोवती जखम चाटू नये म्हणून तो प्लास्टिकचा भोंगा लावलाय, आणि निवटा भोंग्यासकट होडीच्या टोकावर बसतो. वारा भोंग्यात शिरला की मान वळते, आणि तो ज्या बाजूला वळेल तिथे मासे आहेत असं गुणाजी काका आता सगळ्यांना सांगत फिरतात. भोंगा दहा दिवस तरी काढू नकोस. आतून रोज पुसत जा, चिखल वाळला की कान खाजतो.

मी विचारणार होतो, तुला ठाऊक होतं तर आठ वर्षं बोलला का नाहीस. समिधाने विचारलेलं दिसतंय. तिने लिहिलं, तू बोललास, "पोरगा रस्ताभर मोजत आलेला. त्याच्या तोंडावर दिसत व्हता. तवा मी यकोनीस बोल्लू असतो तं तो परत फाट्याला पलाला असता, पिल्लासकट."

खरं आहे. पळालो असतो.

आता पाकीट. त्याच्यावर पत्ता समिधाच्या अक्षरात नाही. देहरादूनचा दे सुटा लिहिलाय आणि हरादून खालच्या ओळीत. पोस्टमनने मॅडमना विचारलं, हरादून कुठे येतं. आत मी चिठ्ठी शोधली. पाकीट उलटं करून झटकलं, फाडून सपाट केलं, आतल्या बाजूला काही लिहिलंय का बघितलं. नव्हतं. कापसात गुंडाळलेलं नख होतं. पूर्ण गोल झालेलं, करंगळीत अंगठी म्हणून बसेल एवढं. कापलेली बाजू मी उजेडात धरून बघितली. सरळ कापलंय. आतला दोरा जरा मागे राहिलाय. कापणाऱ्याचा हात चांगला आहे. मॅडम बोलल्या, ये क्या है? मी बोललो, घरसे चिट्ठी आयी है.

जानेवारीचं जे लिहायचं राहिलं होतं ते लिहायला बसलो. नळ, पांढरा कुत्रा, गॅलऱ्या. तीन कागद फाडले. कागदावर ते बरोबर उतरत नाही, शिक्का मारून पण नाही.

पण एक कामाची गोष्ट आहे ती लिहितो. नख परत वाढणार. जानेवारीच्या सुरुवातीला कापायला लागेल, मग दर महिन्याला. रसिका मॅडमनी तुला कसं कापायचं ते दाखवलं असं कळलं, आणि तू त्यांना कातर कशी धरायची ते दाखवलंस असं पण कळलं. तरी पहिल्या वेळेला एकट्याने करू नकोस. एकाने पाय घट्ट धरायचा आणि एकाने कापायचं. समिधाला निवटा दाद देत नाही. आईच्या हाताला सुकटीचा वास असतो, तो हातच चाटत बसेल. गुणाजी काका मोजायला लागतील.

मॅडमनी मला आठ दिवसांची सुट्टी दिली आहे. नोकरी सोडून येत नाही, सुट्टी घेऊन येतोय, हे मला पण नवीन आहे. चार जानेवारीला सकाळी ठाण्याला उतरतो.

कापायचं तू. पाय मी धरतो. कोणाचा आधी, ते दारात आल्यावर बघू.

केतन